बंदुकीवरील चांदणी

ज्याने जन्मात चिमणीवर खडादेखील टाकला नाही अशा पंतोजीने बंदुकांविषयी लेख लिहावा, हे पाहून काही वाचक हसतील. हसोत बापडे! मनूने कामज व्यसनांच्या यादीत मृगयेस अगदी पहिले स्थान दिले आहे, हे आम्ही विसरलेलो नाही. परंतु आमचा विषय शिकार नव्हे. लष्करातून निवृत्त होऊन शिकाऱ्यांच्या हाती आलेल्या ज्या जुन्या बंदुका अद्याप काही घराण्यांत जपून ठेविलेल्या आहेत, त्यांच्या अंगावर कोरलेल्या अक्षरांविषयी आम्हांस लिहावयाचे आहे. आणि अक्षरे वाचणे हा तर आमचा धंदाच होता.

आमच्या धामणगाव बढ्याच्या दक्षिणेस अजिंठ्याची डोंगररांग आहे. याच रांगेत २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ नावाच्या गोऱ्या लष्करी अधिकाऱ्यास वाघाच्या मागावर असता लेणी दिसली, हे सर्वश्रुत आहे. त्या काळी सैनिकाची काय किंवा शिकाऱ्याची काय, बंदूक ठासणीचीच असे. आमचे काही विद्वान मित्र शुक्रनीतीतील बृहत् व क्षुद्र नालिकांचा दाखला देऊन बंदूक मूळची आमचीच असे सांगतात. तथापि तो भाग बराच अर्वाचीन असावा असे जाणत्यांचे मत आहे, व आम्हांसही ते पटते. असो.

आमच्या चुलत्यांकडे एक बंदूक होती. रानडुकरे ज्वारीचा नाश करीत, म्हणून त्यांनी परवाना काढिला होता. ती माजघरातील खुंटीवर, आम्हां मुलांचा हात पोचणार नाही इतक्या उंच टांगलेली असे. दिवाळीपूर्वी ते तिला तेल देत, तेव्हा मात्र जवळ बसण्याची मुभा मिळे. तिच्या एका बाजूस मुकुट, खाली काही इंग्रजी अक्षरे आणि त्यांजवळ सहा रेघांची एक लहानशी चांदणी कोरलेली होती. ही चांदणी कोणा सोनाराने हौसेने काढली असावी, अशी आमची समजूत होती. १९८१ साली चुलते वारले. बंदूक ठाण्यात जमा झाली. पुढे तिचे काय झाले हे विचारावयास घरातून कोणी गेलेच नाही. आणि त्या ‘कोणी’त आम्हीही होतो.

ती चांदणी म्हणजे काय, हे समजण्यास पुढे तीस वर्षे लागली. इंग्रज सरकार आपल्या मालकीच्या वस्तूवर तीन रेघांचे बाणाचे टोक उमटवीत असे. ती वस्तू लष्करातून काढून विकली, म्हणजे पहिल्या बाणासमोर उलट दिशेने दुसरा बाण, टोकास टोक भिडवून, ठोकीत. दोन बाण मिळून चांदणी! सरकारचा हक्क सुटल्याची ती खूण होती.

लष्करी बंदूक शिकाऱ्याकडे येण्याचा मार्ग मोठा मौजेचा आहे. १८५३ सालच्या नमुन्याची एनफील्ड रायफल सर्वांच्या परिचयाची आहे. तिच्याच चरबी लावलेल्या काडतुसांवरून १८५७ चा भडका उडाला. पुढे नळीच्या तोंडातून दारू ठासण्याची पद्धत मागे पडली, व १८६६ पासून त्याच एनफील्डच्या मागील भागास झडप बसवून तिची स्नायडर करण्यात आली. १८७१ मध्ये मार्टिनी-हेन्री आली, १८८८ मध्ये पेटीत अनेक काडतुसे राहणारी ली-मेटफर्ड. प्रत्येक नवी बंदूक आली की जुनी कोठे तरी खपवावी लागे. १८५७ चा धडा घेतलेल्या सरकारने हिंदी शिपायास गोऱ्या सोजिरापेक्षा एक पिढी जुने हत्यार देण्याचा परिपाठ ठेविला होता. इतकेच नव्हे तर काही बंदुकांच्या नळीतील पिळदार चर घासून टाकून त्यांचा नेम मुद्दाम बिघडविला होता. शिपायाकडून बंदूक पोलिसाकडे, पोलिसाकडून व्यापाऱ्याकडे, व्यापाऱ्याकडून एखाद्या परवानाधारक जमीनदाराच्या वाड्यात, अशी ही उतरंड. परवान्याचे बंधन १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने घट्ट झाले.

लष्कराचे काडतूस बंडखोरांच्या हाती पडू नये म्हणून लष्करी मापाच्या बंदुका प्रजेस वर्ज्य झाल्या. मार्टिनीच्या ४५० मापाच्या रायफलींवर १९०७ साली बंदी आली. ‘थ्री-नॉट-थ्री’ तर आजही सामान्य परवान्यावर मिळत नाही. मग बर्मिंगहॅमच्या बी.एस.ए. कंपनीने काय करावे? लष्करातील ली-एनफील्डचाच सांगाडा घेऊन त्यात ३१५ बोअरची नळी बसविली. हे ३१५ चे काडतूस तरी कोठले? ऑस्ट्रियाच्या सैन्याचे! आपल्या सैन्याचे चालत नाही, परक्याचे चालते, असा हा न्याय. स्वातंत्र्यानंतर सरकारी कारखान्यांनीही हीच जात पुढे चालविली.

जिम कॉर्बेटच्या पुस्तकांची पारायणे करणाऱ्या तरुण वाचकांस हेही ठाऊक असावे, की १९०७ मध्ये चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल त्यास बक्षीस मिळालेली रिग्बी रायफल लंडनच्या कारागिरांनी बांधलेली असली, तरी तिचा सांगाडा जर्मन माउझरचा व काडतूस सात मिलिमीटरचे माउझर, म्हणजे ज्या काडतुसाने बोअरांनी इंग्रजांस जेरीस आणिले तेच होते.

गेल्या माघात शेजारच्या गावातील एका देशमुख घराण्याचे पंचाहत्तरी ओलांडलेले यजमान आमचेकडे आले. “मास्तर, पोराईले हे लोढणं नको आहे,” ते म्हणाले. दोघे मुलगे पुण्यास. थोरल्याचे म्हणणे, ठाण्यात देऊन मोकळे व्हावे. धाकट्याचे म्हणणे, निकेल चढवून दिवाणखान्यात टांगावी. दुसरे दिवशी आम्ही भिंग घेऊन त्यांच्या वाड्यावर गेलो. प्रथम बंदूक रिकामी आहे याची त्यांनी आमचेसमक्ष खात्री करून दिली. मग मऊ फडक्याने तेल पुसता मुकुट दिसला, त्याखाली व्ही. आर. ही राणीची अक्षरे, एनफील्ड, १८७९, रोमन दोनचा आकडा. मार्टिनी-हेन्रीच! नळी आतून गुळगुळीत, दस्ता पुढून कापलेला. आणि कडेस ती चांदणी. आम्ही काही वेळ काहीच बोललो नाही. यजमानांस वाटले, अक्षरे लागत नाहीत.

घासकाम करून चकाकी आणण्याचा बेत आम्ही हट्टाने मोडून काढिला. दुसऱ्या एका घरी असाच एक हौशी चिरंजीव पॉलिशकागद घेऊन बसला होता. आज त्या बंदुकीवर आरशासारखे तोंड दिसते, पण ती कोण, कोठली, हे सांगणारे एक अक्षर उरलेले नाही. गंज धरू नये इतके तेल पुरे.

कायद्याचीही गोष्ट सांगितली पाहिजे. बंदूक शंभर वर्षांची झाली म्हणजे परवाना लागत नाही, असा समज पुष्कळ सुशिक्षित घरांतही आहे. तो चुकीचा व घातक आहे. १९५९ च्या कायद्यातील सूट दुरुस्ती करूनही जी चालणार नाही अशा जुन्या हत्यारास आहे. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसास तीनऐवजी दोनच हत्यारे ठेवता येतात, त्यामुळे संग्रहाची हौस असणाऱ्यांस निवड करणे भाग पडले. मात्र २०१६ च्या नियमांप्रमाणे परवानाधारकास सत्तर वर्षे पूर्ण झाली, अथवा हत्यार पंचवीस वर्षे त्याजकडे राहिले, म्हणजे हयातीतच वारसाच्या नावे परवान्यासाठी अर्ज करिता येतो. आमच्या चुलत्यांच्या वेळी हयातीत असा विचार कोणाच्या मनातही आला नव्हता.

शिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संपली, हे उत्तमच झाले. २०१९ च्या डिसेंबरात टिपेश्वरचा एक तरुण वाघ शेकडो मैल पायी चालत आमच्या ज्ञानगंगेच्या अभयारण्यात येऊन राहिला. त्याच्या गळ्यात पट्टा होता आणि माणसांच्या हाती कॅमेरे. पन्नास वर्षांपूर्वी त्याचे स्वागत निराळ्या प्रकारे झाले असते.

देशमुखांची कन्या बुलढाण्यास शिक्षिका आहे. भाऊ नको म्हणतात असे कळताच तिने वडिलांस विचारिले, “मग माझ्या नावे का नाही?” यजमान गोंधळले. बंदूक मुलाकडे जावयाची वस्तू, ही त्यांची पिढीजात कल्पना. आमचीही तीच होती, हे कबूल केले पाहिजे. नियमात मात्र मुलगी वारसच आहे. पुढील आठवड्यात तिने अर्ज भरला, आणि त्यासोबत घरी ठेवण्यास एक वही केली. बंदुकीवर पातळ कागद धरून वरून शिसपेन्सिल फिरविली, तो एकेक ठसा कागदावर उतरला: मुकुट, अक्षरे, साल. चांदणीचा कागद तिने दोनदा काढिला व एक प्रत आम्हांस दिली. ती आमच्या अमरकोशात ठेविलेली आहे.