इच्छा आणि इच्छापत्र

इंग्रजीतील 'विल' हा शब्द दिसावयास लहान; परंतु पोर्तुगीज भाषेत उतरविताना तो भल्याभल्यांची परीक्षा पाहतो. इंग्रजीने ज्या तीन निरनिराळ्या गोष्टी एकाच शब्दाच्या पोटात घातल्या आहेत, त्यांच्यासाठी पोर्तुगीज भाषेने तीन वेगळी घरे बांधली आहेत.

पहिली गोष्ट भविष्यकाळाची. 'ती येईल' असे सांगावयाचे तर इंग्रजीला 'विल' हे साहाय्यक क्रियापद लागते. पोर्तुगीज भाषेत, मराठीप्रमाणेच, भविष्यकाळ क्रियापदाच्या रूपात सामावू शकतो. 'येईल' ह्या अर्थी 'विरा' एवढा एक शब्द पुरतो. तेथे 'विल'ला स्वतंत्र प्रतिशब्द शोधीत बसणे व्यर्थ होय.

दुसरी गोष्ट मनातील इच्छेची. तिला पोर्तुगीज शब्द 'वोंताद'. सद्भावना म्हणजे 'बोआ वोंताद', मनोबल म्हणजे 'फोर्सा द वोंताद'. पण येथेही सावध असावे. पाप-पुण्याची निवड करण्याचे जे स्वातंत्र्य मनुष्याला आहे, त्यातील इंग्रजी 'विल'साठी 'वोंताद' न वापरता 'लिव्र आर्बीत्रियु' म्हणण्याचा प्रघात आहे. आणि 'आ वोंताद' हे शब्द यजमान पाहुण्याला 'संकोच करू नका' अशा अर्थाने ऐकवितो!

तिसरी गोष्ट मृत्युपत्राची. त्याला 'तेस्तामेन्तु' म्हणतात. ह्या शब्दाचे लॅटिन मूळ साक्ष देण्याशी निगडित आहे. भेद नेमका येथेच आहे. इच्छा मनात राहू शकते; मृत्युपत्राला मात्र साक्ष लागते.

हा भेद केवळ कोशातला नाही. गोव्यातील अनेक कुटुंबांचे आप्त पोर्तुगालमध्ये आहेत. समजा, अशा एका कुटुंबाच्या इंग्रजी पत्रात वाक्य आले, 'घर धाकट्या मुलीला मिळावे, अशी वडिलांची विल होती.' भाषांतरकाराने 'तेस्तामेन्तु' लिहिले, तर लिस्बनचा वकील नोंदविलेला दस्तऐवज मागेल. 'वोंताद' लिहिले, तर तो ती केवळ वडिलांची बोलून दाखविलेली इच्छा समजेल. एका शब्दावर घराचा दावा उभा राहतो किंवा कोसळतो.

शिवाय गोव्यात इच्छा आणि मृत्युपत्र ह्यांच्या सीमा एक नाहीत. 1867 चा पोर्तुगीज नागरी कायदा तेथे 1870 पासून लागू झाला. त्यातील वारसाहक्काच्या भागाची जागा पुढे राज्याच्या 2012 च्या कायद्याने घेतली. तो 2016 मध्ये अमलात आला. तरी जुने तत्त्व टिकून आहे. मुलेबाळे असलेल्या माणसाला स्वतःच्या वाट्याच्या अर्ध्याच मालमत्तेची व्यवस्था मृत्युपत्राने करता येते. उरलेला अर्धा भाग वारसांसाठी राखीव असतो. त्याला 'लेजीतिमा' म्हणतात. 'वोंताद' सर्वस्व देऊ पाहील. 'तेस्तामेन्तु'चा हात अर्ध्यावर थांबतो.

पोर्तुगालच्या 2012 च्या एका कायद्यात तर हे दोन्ही शब्द शेजारी येऊन बसले आहेत. पुढे स्वतःचे मत सांगता येईनासे झाले, तर कोणते उपचार हवेत व कोणते नकोत, हे माणूस आधीच लिहून ठेवतो. त्या लेखाला 'तेस्तामेन्तु विताल' म्हणतात. आणि त्यात नोंदविलेली असते ती रुग्णाची 'वोंताद'. मालमत्तेचा तेथे संबंधच नाही.

म्हणून भाषांतर करणाराने कोश उघडण्यापूर्वी वाक्यालाच विचारावे : हे 'विल' क्रियापदात आहे, मनात आहे, की कागदावर? उत्तर मिळाले की शब्द आपोआप हाती येतो.