बालवाडींतील एक दिवस व त्यामागील हेतु

आपल्या नंदुरबार जिल्ह्यांतील कोणत्याही गांवीं सकाळीं फेरी मारली, तर हायस्कूलकडे निघालेल्या विद्यार्थ्यांबरोबर आणखी एक लहानशी फौज वाटेनें चालतांना दिसते. कोणी थोरल्या बहिणीचें बोट धरलेलें असतें, कोणी आजीच्या कडेवर बसलेलें असतें. हीं तीन ते सहा वर्षांचीं मुलें अंगणवाडीस किंवा बालवाडीस निघालेलीं असतात. या अंकाच्या वाचकांपैकीं पुष्कळांचीं धाकटीं भावंडें त्यांत असतील. परंतु तेथें काय चालतें असें विचारलें, तर उत्तर बहुधा एकच मिळतें: "मुलें खेळतात, खाऊ खातात आणि घरीं येतात." पालकांची तक्रारही याच स्वरूपाची असते कीं, वर्ष सरत आलें तरी मुलास 'अ, आ' लिहितां येत नाहीं. ही तक्रार कितपत रास्त आहे, हें ठरविण्यापूर्वीं बालवाडीचा दिवस कसा आंखलेला असतो व त्यांतील प्रत्येक गोष्ट कां केली जाते, हें पाहणें अवश्य आहे.

लहान मुलांसाठीं निराळी शाळा असावी, ही कल्पना फार प्राचीन नव्हे. जर्मनींत फ्रोबेल यानें १८३७ सालीं ब्लांकेनबुर्ग येथें अशी शाळा काढली व १८४० सालीं तिला 'किंडरगार्टन', म्हणजे मुलांची बाग, असें नांव दिलें. रोप ओढून वाढत नाहीं. त्यास माती, पाणी व ऊन द्यावें लागतें, हें त्या नांवांत अभिप्रेत होतें. पुढें १९०७ सालीं डॉ. मारिया माँटेसरी यांनीं रोम शहरांतील एका गरीब वस्तींत आपलें पहिलें बालगृह उघडलें. आपल्या देशांत गिजुभाई बधेका यांनीं १९२० सालीं भावनगर येथें बालमंदिर सुरू केलें. आणि तेथें त्यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक यांनीं तें कार्य महाराष्ट्रांत आणलें.

आतां प्रत्यक्ष दिवसाकडे वळूं. बालवाडी सामान्यतः तीन-चार तास चालते, आणि तिचा आरंभ स्वच्छतेनें होतो. मूल दारांत आलें कीं चपला ओळींत ठेवतें. मग बाई त्याचीं नखें, केंस, डोळे व दांत पाहतात. तोंड धुतलेलें नसल्यास तें धुववितात. हें काम केवळ आरोग्याचें आहे असें वरवर पाहणारास वाटेल. वस्तुतः त्या दोन मिनिटांत प्रत्येक मूल एका मोठ्या माणसासमोर एकटें उभें राहतें व आपल्या नांवानें हांक मारलेली ऐकतें. कोणास ताप आहे, कोण रात्रीं उपाशी निजलें, कोण आज रुसलें आहे, हें बाईंस त्याच वेळीं कळतें.

त्यानंतर सर्व मुलें गोल करून बसतात. एखादें गाणें होतें, हातवारे होतात, आज कोण आलें व कोण आलें नाहीं याची चौकशी होते. मग मुक्त खेळाची वेळ येते. कोणी ओल्या मातीचे गोळे करतें, कोणी ठोकळे रचतें, कोणी चिंचोके, खडे व पानें यांच्या निरनिराळ्या राशी लावतें. येथेंच पालकांस वाटतें कीं वेळ फुकट चालला. परंतु लेखणी धरण्यास बोटांच्या व मनगटाच्या ज्या स्नायूंचें बळ लागतें, तें माती मळतांना येतें; आणि मोठें-लहान, कमी-जास्त हा भेद ज्याच्या हातानें एकदां जाणला, त्यास पुढें गणित परकें वाटत नाहीं. मात्र बारीक बिया मुलें नाकांत किंवा तोंडांत घालतात. म्हणून अगदीं लहानांस त्या देऊं नयेत व इतरांवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावें.

मध्यान्हीच्या आहारापूर्वीं हात धुण्याची रांग लागते. रांगेंत मूल आपली पाळी येईपर्यंत थांबावयास शिकतें, आणि या वयांत थांबणें हा मोठाच अभ्यास आहे. ताटल्या वांटणारें मूल एका मुलापुढें एक ताटली ठेवतें. ही एकास एक जोड म्हणजेच मोजणीचा पाया होय. शेवटीं गोष्ट होते. गोष्ट ऐकतांना मुलाचे शब्द वाढतात. पुढें काय झालें असेल असा तर्क करतांना त्याची बुद्धि चालते. आणि दुसऱ्या दिवशीं तीच गोष्ट तें पुनः मागतें, कारण ठाऊक असलेल्या गोष्टींत त्यास आधार वाटतो. गोष्ट संपली कीं निरोप.

हा क्रम रोज तोच ठेवावा, असें शिक्षणवेत्ते कां सांगतात? लहान मुलास घड्याळ समजत नाहीं. कामांचा क्रम हेंच त्याचें घड्याळ असतें. आहारानंतर गोष्ट व गोष्टीनंतर आई, हें एकदां मनांत ठसलें, म्हणजे पहिल्या आठवड्यांत आक्रोश करणारें मूलही निर्धास्त बसतें. नियम येथें धाकासाठीं नसून धीरासाठीं असतो.

मुलाकडून काय अपेक्षावें, याचाही विवेक हवा. तिसऱ्या वर्षीं त्यानें आईवांचून कांहीं वेळ राहावें, चौथ्या वर्षीं खेळणें दुसऱ्यास द्यावें, पांचव्या वर्षीं घडलेली एखादी गोष्ट आपल्या शब्दांत सांगावी, इतकें सामान्यतः पुरे आहे. तासभर हाताची घडी घालून गप्प बसावें किंवा रेघेवर अक्षरें काढावीं, अशी सक्ती त्या वयास झेपत नाहीं.

परंतु मुलाकडून अपेक्षा करण्यापूर्वीं शाळेनें स्वतःकडून काय अपेक्षावें, याचा उत्तम धडा बोर्डी येथें मिळाला. तेव्हांच्या ठाणे जिल्ह्यांतील, म्हणजे हल्लींच्या पालघर जिल्ह्यांतील या समुद्रकांठच्या गांवीं ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं १९४५ सालीं बालशिक्षणाचें काम आरंभिलें. गरीब वस्त्यांतील मुलें बालवाडीस येईनात. आईबाप मजुरीस जात. थोरलीं मुलें धाकट्यांस सांभाळीत किंवा गुरें राखीत. अशा घरांस वेळेवर या, नीटनेटके या, असें सांगून काय उपयोग? तेव्हां मुलें बालवाडीकडे येत नाहींत तर बालवाडीनेंच मुलांकडे जावें, असें ठरलें. आणि वस्तींतल्या अंगणांतच वर्ग भरूं लागला. हीच अंगणवाडी. माँटेसरी पद्धतीचीं साधनें महाग होतीं. त्यांच्या जागीं शंखशिंपले, बिया, खडे व पानें आलीं. १९५७ सालीं हें कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेलें. तेथें गुरें राखणाऱ्या मुलांसाठीं कुरणांत भरणारी कुरणशाळाही निघाली. पुढें २ ऑक्टोबर १९७५ रोजीं भारत सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ ठिकाणीं सुरू झाली, व तिच्या केंद्रांस अंगणवाडी हेंच नांव देशभर रूढ झालें. ताराबाई १९७३ सालींच निवर्तल्या होत्या. हा दिवस त्यांनीं पाहिला नाहीं.

बोर्डीचा हा धडा आपल्या जिल्ह्यास फार जवळचा आहे. अक्राणी व अक्कलकुवा या तालुक्यांत एकाच गांवाचे पाडे डोंगरउतारांवर दूरदूर विखुरलेले असतात. तीन वर्षांच्या मुलास ओढा ओलांडून येणें पावसाळ्यांत शक्य नसतें. दिवाळीनंतर पुष्कळ कुटुंबें ऊसतोडीसाठीं गुजरातेंत जातात आणि मुलांचा लागलेला क्रम तुटतो. सर्वांत मोठी अडचण भाषेची आहे. घरीं पावरी, मावची, भिली किंवा अहिराणी बोलणारें मूल बालवाडींत केवळ पुस्तकी मराठी ऐकतें, तेव्हां तें गप्प होतें. आणि गप्प झालेल्या मुलास आपण मंद ठरवितों. वास्तविक त्याच्यापाशीं शब्दांचा तोटा नसतो. त्याचे शब्द जाणणारें कोणी समोर नसतें. अशा ठिकाणीं दिवसाचें पहिलें गाणें व शेवटची गोष्ट तरी मुलाच्या घरच्या भाषेंत असावी. घरच्या भाषेंत धीट झालेलें मूल मराठीही लवकर बोलूं लागतें. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेंही तीन ते आठ या वयाचा पायाभूत टप्पा मानून खेळांतून शिकण्यावर व घरच्या भाषेवर भर दिला आहे.

विद्यार्थिमित्रहो, या कामीं तुमचाही हातभार लागूं शकतो. धाकट्या भावंडास घेऊन जातांना वेळेवर पोंचवा, म्हणजे सकाळच्या गोलांतील त्याची जागा रिकामी राहणार नाहीं. घरीं आल्यावर "आज काय लिहिलेंस?" असें विचारूं नका, "आज कोणती गोष्ट ऐकलीस?" असें विचारा, आणि तें ज्या भाषेंत सांगेल त्या भाषेंत तुम्ही उत्तर द्या. आपल्या आजीस येत असलेलीं गाणीं व गोष्टी वहींत उतरवून अंगणवाडी सेविकेस नेऊन द्या. तिला त्यांची गरज आहे. आणि कोणी म्हणालें कीं बालवाडींत मुलें नुसतीं खेळतात, तर तें नाकारूं नका. होय, तीं खेळतात, असें सांगून त्या खेळानें काय साधतें तें समजावून द्या.