खेळ एकट्या मोबाइलनं नेले का?



बैठकीत बचत गोळा झाली, वही मिटली आणि चहा आला की बहुतेक गटांत एक विषय हमखास निघतो. आमच्या वेळी असं होतं, तसं होतं, आताची लेकरं मात्र दिवसभर मोबाइलात तोंड घालून बसतात. कुणी सागरगोट्यांचं काढतं, कुणी विहिरीतल्या उड्यांचं, कुणी हुरड्याचं. सगळ्या हसतात, थोडा वेळ गप्प होतात आणि शेवटी दोष मोबाइलवर टाकून उठतात.

मला हे पूर्ण पटत नाही, म्हणून या अंकात त्यावरच लिहायचं ठरवलं. मोबाइल आहे, हे खरं. पण समजा तुम्ही लेकराच्या हातातून तो काढून घेतला आणि म्हणालात, "जा, रानात जाऊन हुरडा खाऊन ये." ते जाणार कुठं? ज्वारी कुणाच्या रानात उभी आहे? "विहिरीत पोहून ये" म्हणालात, तर विहिरीत पाणी आहे का? आपल्या भागात खेळाखालची जमीन आधी सरकली. मोबाइल नंतर आला आणि रिकाम्या जागेत बसला.

हुरड्याचंच बघा. हुरडा म्हणजे रब्बी ज्वारीच्या आयुष्यातले आठ-दहा दिवस. दाण्यातलं दूध घट्ट झालेलं असतं, पण दाणा अजून वाळलेला नसतो. पौषातल्या थंडीत ही वेळ येते. बांधाच्या कडेला आगटी करायची, गोवऱ्या पेटवून त्यांचा आर होऊ द्यायचा, त्यात कणसं खुपसायची आणि भाजली की गरम-गरमच तळहातावर चोळायची. हात पोळतात, पण थांबवत नाही. सुपात पाखडून दाणे काढायचे आणि गूळ, शेंगदाण्याची चटणी, दही यांच्याबरोबर खायचे. गूळभेंडी, सुरती, कुचकुची ही हुरड्याची नावं तुमच्यातल्या वयस्क मावश्यांना पाठ असतील. माझ्या वयाच्या मुलींना ती सांगावी लागतात. यात विकत काहीच आणायचं नव्हतं. पाखरं राखायला लेकरं माळ्यावर बसायची, गोफण फिरवायची, भूक लागली की कणीस मोडायची. काम कुठं संपलं आणि खेळ कुठं सुरू झाला, हे सांगता येत नव्हतं.

आता ही ज्वारी का गेली, ते समजून घेऊ. आपल्या काळ्या रानात रब्बी ज्वारीसाठी जमीन पावसाळाभर रिकामी ठेवायचे. पाळ्या घालून ओल धरून ठेवायची आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात त्या ओलीवर पेरायचं. सोयाबीन आलं आणि पावसाळ्यात रान रिकामं राहीना. सोयाबीन साधारण शंभर दिवसांत दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतं आणि त्यावर बहुतेक जण हरभरा टाकतात. हरभरा कमी दिवसांचा, काढायला मशीन मिळतं. ज्वारी मात्र हातानं उपटायची, पसरायची, कणसं मोडायची, कडबा बांधायचा. एवढी मजुरी कोण देणार आणि एवढी माणसं आणायची कुठून? भावाचा फरक वेगळाच. २०२५-२६ साठी सरकारनं सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये ठरवला आणि मालदांडी ज्वारीचा ३,७४९. हमीभाव प्रत्यक्षात किती जणींच्या घरी पोहोचतो, हा निराळा विषय. पण कागदावरच एवढं अंतर आहे. त्यात रेशनवर गहू-तांदूळ मिळू लागला, भाकरीची गरज कमी झाली.

यात पाखरांचाही एक हिशोब आहे आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. सगळ्या शिवारात ज्वारी होती तेव्हा पाखरं सगळ्यांच्या रानात थोडी-थोडी बसायची. नुकसान वाटलं जायचं. गावात एकाच घरानं ज्वारी पेरली, की गावभरची पाखरं त्याच तुकड्यावर उतरतात. पुढच्या वर्षी तेही घर पेरणं सोडतं. म्हणजे एकानं सोडलं की दुसऱ्याला टिकणं अवघड होतं आणि मग सगळ्यांचंच सुटतं. यात कुणा एकाची चूक नाही.

सोयाबीनला मी नावं ठेवत नाही. त्याच पैशातून पोरींच्या फिया भरल्या गेल्या, आपल्या गटांचे हप्ते फिटले. पण एक फरक नोंदवून ठेवा. ज्वारी घरात यायची, कणगीत पडायची आणि कणगीतून किती काढायची हे घरातली बाई ठरवायची. सोयाबीन मार्केट यार्डात जातं आणि पैसा ज्याच्या नावावर सातबारा त्याच्या खात्यावर. ज्वारीचा कडबाही घरचाच होता. आज म्हैस-शेळी पाळणाऱ्या कितीतरी जणी तो शेकड्याच्या भावानं विकत आणतात. लेकरांचा हुरडा गेला, त्याच वाटेनं हेही गेलं. २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष होतं. पोस्टरवर ज्वारीचं कणीस छापलेलं आणि पोस्टरमागच्या शिवारात सोयाबीन, असं चित्र आपण सगळ्यांनीच पाहिलं.

येळवस अजून आहे, हे आपलं नशीब. मार्गशीर्ष अमावस्येला धाराशिव आणि लातूरची गावं ओस पडतात, रानं भरतात. आंबील, भज्जी, उंडे, पांडवांची पूजा, संध्याकाळी हेंडगा, सगळं होतं. पण कोप पूर्वी स्वतःच्या रानातल्या कडब्याचा असायचा. आता कडबा शोधून आणावा लागतो, नाहीतर वर ताडपत्री टाकतात. शिवाय त्या दिवसांत ज्वारी माणसाच्या उंचीची असायची. लेकरं तिच्यात शिरली की दिसायची नाहीत, लपाछपी दुपारभर चालायची. हरभऱ्यात कोण लपणार? तो गुडघ्यापर्यंतसुद्धा येत नाही. आणि वाशी, भूम, कळंबकडची जी कुटुंबं ऊसतोडीला जातात, त्यांची लेकरं येळवशीला गावात नसतातच.

आता विहीर. पाठीला वाळलेला भोपळा नाहीतर रिकामा डबा बांधून विहिरीत ढकलून दिल्याच्या गोष्टी तुम्ही मला इतक्या वेळा सांगितल्यात की मीच पोहायला शिकल्यासारखं वाटतं. ते आता का होत नाही? आपला जिल्हा काळ्या बसाल्ट खडकावर आहे. या खडकात पाणी दोन ठिकाणी असतं: वरच्या झिजलेल्या मुरमाच्या थरात आणि खाली फटींमध्ये. विहीर वरच्या थरातलं पाणी घेते, तो थर पावसात भरतो आणि उन्हाळ्यात उतरतो. बोअर खालच्या फटींपर्यंत जातो. त्या फटी भरायला फार वेळ लागतो आणि खालून उपसा वाढला की वरचं पाणीही झिरपून जातं. म्हणून चार बोअर झाले की शेजारची विहीर आटते. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल कायद्यात ६० मीटर, म्हणजे जवळपास २०० फुटांहून खोल जाण्यावर बंधन आहे. आपल्याकडे बोअरची गाडी किती फुटांवर थांबते, ते तुम्हाला ठाऊक आहे.

विहीर आटली आणि तिच्या जागी शेततळं आलं. 'मागेल त्याला शेततळे' योजना २०१६ मध्ये सुरू झाली, त्याआधीही तळी होत होती. पिकासाठी, फळबागेसाठी ती कामाची आहेत. पण लेकराला पाणी दिसलं की उतरावंसं वाटतं, ते वाटणं काही बदललेलं नाही. विहिरीला पायऱ्या असायच्या, धरायला कपारी, दगड असायचे. काठावर शिकवणारा काका किंवा थोरला भाऊ असायचा. अस्तरीकरण केलेल्या शेततळ्यात प्लॅस्टिकचा कागद असतो, त्यावर शेवाळ धरतं आणि उतार चारही बाजूंनी निसरडा होतो. पट्टीचा पोहणारासुद्धा त्यातून वर चढू शकत नाही. पाय घसरतो, हाताला काही लागत नाही आणि वाचवायला उतरलेलाही अडकतो. अशा बातम्या दर उन्हाळ्यात येतात. तुमच्या किंवा शेजाऱ्याच्या रानात असं तळं असेल, तर चारही बाजूंना पक्की खुंटी रोवून जाड गाठीचा दोर पाण्यापर्यंत सोडा. हवा भरलेली एक जुनी ट्यूब दोराला बांधून काठावर ठेवा. कुंपणाला कुलूप लावा. कुणी बुडताना दिसलं तर आत उडी मारू नका, दोर, साडी, पाइप, जे हाताशी असेल ते टाका. आणि लेकरांना नुसतं "जाऊ नको" म्हणू नका, कागदावरून वर का येता येत नाही हे काठावर उभं करून, लांबूनच दाखवा. कारण कळलं की लेकरं ऐकतात.

सगळंच गेलेलं परत यावं असं मात्र मला वाटत नाही. माळवदाचं उदाहरण देते. लोहारा, उमरग्याकडच्या मावश्या माळवदावरच्या रात्रींबद्दल बोलायला लागल्या की ऐकत राहावं वाटतं. उन्हाळ्यात आख्खं घर वर झोपायचं, लेकरं एका माळवदावरून दुसऱ्यावर उड्या मारत गल्लीच्या टोकापर्यंत जायची, खाली उतरायचं कामच नाही. पण माळवद म्हणजे लाकडाच्या तुळया, त्यावर फळ्या आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. गळू नये म्हणून वरचेवर नवी माती टाकत जायचे, वजन वाढत जायचं. खालच्या भिंती मातीत बसवलेल्या दगडांच्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा गणपती विसर्जन करून माणसं नुकती झोपली होती. हजारो माणसं त्याच मातीखाली गेली. लातूर आणि आपल्या जिल्ह्यातली मिळून ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. मी भूकंपानंतर जन्मलेली. नव्या गावांतली घरं एकमेकांपासून लांब, रस्ते सरळ, छपरावरून शेजारी जाता येत नाही. हा आनंद गेला तो बरा गेला, असं मी म्हणेन. ज्यांनी ती पहाट पाहिली त्या मावश्याही हेच म्हणतात आणि तरी डोळे पुसतात.

पंचमीच्या झोक्याचं थोडक्यात सांगते. चिंच, लिंब, वड राहिले तर झोका राहणार. बांधावरची झाडं वाटण्या झाल्यावर आणि ट्रॅक्टर फिरायला अडचण म्हणून गेली. तुळजापूर-धाराशिववरून जाणारा सोलापूर-धुळे महामार्ग चौपदरी झाला, त्यात रस्त्याकडेची जुनी झाडं गेली. माहेरी आलेल्या लेकीला आता झोका दाराच्या चौकटीला बांधून मिळतो.

आणखी एक गोष्ट बोलायला हवी. ती बैठकीत कमी निघते. हे सगळे आनंद सगळ्या लेकरांचे नव्हते. गावातल्या प्रत्येक पोरीला प्रत्येक विहिरीत उतरता येत नव्हतं, हे आपल्यातल्या काही जणी गप्प बसतात तेव्हा मला कळतं. ज्यांच्या घरी रान नव्हतं, त्यांची लेकरं दुसऱ्याच्या आगटीशी बोलावलं तरच बसायची. आणि पोरींचं बालपण तर दहा-बाराव्या वर्षी, कडेवर धाकटं भावंडं आलं की संपायचं. म्हणून "जुना काळ परत आणा" असं मी म्हणणार नाही. जे परत आणण्यासारखं आहे ते आणायचं, तर यावेळी सगळ्यांना बसता येईल असं आणूया.

हुरड्याचं ते जमण्यासारखं आहे. आपल्याच जिल्ह्यात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेनं बायकांसाठी एक एकराची शेतीपद्धत रुजवली. घरच्या रानातला एक तुकडा बाईनं मागून घ्यायचा आणि त्यात घरात खाल्लं जाईल असं पेरायचं. २०१६ मध्ये या संस्थेला इक्वेटर पुरस्कार मिळाला. एक एकर जमत नसेल तर दहा गुंठे मागा. राहुरीच्या कृषी विद्यापीठानं फुले उत्तरा, फुले मधुर हे खास हुरड्याचे वाण काढले आहेत, बियाण्याची चौकशी तुळजापूरच्या कृषी विज्ञान केंद्रात करता येईल. शहराजवळच्या कृषी पर्यटन केंद्रांत लोक काही शे रुपये माणशी देऊन हुरडा खातात, त्यामुळे जास्तीचा हुरडा विकायची सोय गटाला बघता येईल. आधी लेकरांचं पोट भरू द्या, मग गिऱ्हाईक.

फक्त एकटीनं पेरू नका. पाखरांचा हिशोब वर सांगितलाच आहे. एकाच शिवारातल्या चार-पाच जणींनी लागून-लागून तुकडे धरा, पेरणी एकाच आठवड्यात करा आणि राखणीच्या पाळ्या लावा. ज्या गटांना हे करायचं आहे त्यांनी पोळ्याच्या आधीच्या बैठकीत कुणाचं किती गुंठे ते वहीत लिहून ग्रामसंघाकडे द्यावं, म्हणजे बियाणं एकत्र मागवता येईल. ज्यांच्याकडे रान नाही त्यांची नावंही राखणीच्या यादीत घाला, आणि आगटीच्या दिवशी त्यांच्या लेकरांना आधी निरोप द्या.