चॅम्पियन म्हणजे कोण?

गावच्या मुली कबड्डी जिंकल्या की आपण त्यांना ‘चॅम्पियन’ म्हणतो. पण पूर्वी चॅम्पियन म्हणजे जिंकणारा नव्हे, दुसऱ्यासाठी लढायला उभा राहणारा.

लॅटिन भाषेत ‘कॅम्पुस’ म्हणजे मोकळं मैदान. कॉलेजचा ‘कॅम्पस’ आणि शिबिराचा ‘कॅम्प’ याच शब्दातून आले. मैदानात उतरून लढणारा तो ‘कॅम्पिओ’. हाच शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आला आणि ‘चॅम्पियन’ झाला.

मध्ययुगात युरोपात काही खटल्यांचा निकाल साक्षीपुराव्यावर नाही, तर दोन्ही बाजूंच्या लढाईवर लागायचा. देव खऱ्याच्या पाठीशी असतो, म्हणून जिंकेल तो खरा, अशी समजूत होती. बाई, म्हातारा माणूस, पाद्री यांना आपल्या वतीने लढणारा उभा करता येई. तोच चॅम्पियन. म्हणजे बाईचा न्याय दुसऱ्याच्या मनगटावर! तो हरला, की ती खोटी ठरायची. इंग्लंडमध्ये ही पद्धत कायद्याने बंद झाली ती १८१९ साली.

आज मनगट नाही, कागद आणि पुरावा लागतो. तरीही तहसील कचेरीत एकटीनं जायला आपल्यातल्या कितीतरी जणी बिचकतात. म्हणून आम्ही गटात ठरवलंय, जिचं काम असेल तिच्यासोबत एकीनं जायचं. अर्ज वाचून दाखवायचा, पोचपावती मागायची आठवण करायची. पण साहेबांसमोर बोलायचं ते तिनंच. सोबत करायची, तिची जागा घ्यायची नाही.

तुमच्या गटात पुढच्या वेळी कोण कोणासोबत जाणार? येत्या बैठकीत ठरवा.