टीव्ही समजून धरलेला रेडिओ

यूएसबीत डोंगल खोचला की लिनक्स तो लगेच ओळखतं. अडचण हीच, की ते त्याला टीव्ही म्हणून ओळखतं.

त्यात लिनक्सची चूक नाही. आतली आरटीएल२८३२यू चिप मुळात डीव्हीबी-टी प्रक्षेपण पाहण्यासाठीच बनली. पण ही चिप प्रक्रिया न केलेले ८ बिटी नमुनेही थेट संगणकाकडे धाडू शकते, हे २०१२ साली फिनलंडच्या अँटी पालोसारीमुळे सगळ्यांना कळलं. मग ऑस्मोकॉमच्या मंडळींनी लायब्ररी लिहिली आणि हा स्वस्त डोंगल रेडिओ झाला. सोबत आर८२०टी ट्यूनर असेल तर साधारण २४ ते १७६६ मेगाहर्ट्झपर्यंतचं ऐकता येतं.

डोंगल चालेना की बरेच जण सगळं काढून पुन्हा इन्स्टॉल करतात. मी आधी टर्मिनल उघडून गाडी कुठवर पोचली ते पाहतो. 'एलएसयूएसबी'च्या यादीत डोंगल (बहुधा ०बीडीए:२८३८) दिसत नसेल, तर सॉफ्टवेअरला हात लावायचा नाही. केबल आणि पोर्ट बदलून पाहायचं. दिसत असेल तर 'आरटीएल_टेस्ट' चालवायचं. त्यात एररचा आकडा उणे ६ आला, म्हणजे उपकरण आधीच कुणाच्या तरी ताब्यात आहे. 'डीमेसेज'मध्ये बहुधा डीव्हीबीचं कर्नल मॉड्यूल सापडतं. ते 'आरएममॉड'ने तात्पुरतं निघतं. कायमचं थांबवायला ब्लॅकलिस्टमध्ये टाकावं लागतं.

उणे ३ आलं तर प्रश्न परवानगीचा. 'सुडो' लावल्यावर चालतं, म्हणून तसंच वापरत राहण्याचा मोह होतो. त्याऐवजी परवानगी देणारा यूडेव्हचा नियम लिहावा, डोंगल काढून पुन्हा लावावा.

खरा घोळ होतो तो एररच येत नाही तेव्हा. डोंगल उघडतो, नमुने वाहतात, पण पडद्यावर नुसती खरखर. आर८२८डी ट्यूनरचा नवा डोंगल आणि जुनी लायब्ररी अशी गाठ पडली की हे घडतं. नवी लायब्ररी टाकूनही फरक पडत नसेल तर 'एलडीडी'ने पाहावं: प्रोग्राम अजून जुनीच प्रत उचलत असतो.

शेवटी मुंबईत १०७.१ला एफएम रेनबो स्वच्छ लागतं आणि सगळं जमल्यासारखं वाटतं. पण साध्या डोंगलचा स्फटिक दहा लाखांत ५० भागांनी, म्हणजे ५० पीपीएमने, सरकलेला असू शकतो. १०७.१ मेगाहर्ट्झवर ही चूक सुमारे ५ किलोहर्ट्झ भरते. एफएमच्या रुंद पट्ट्यात ती कळतही नाही. १४५ मेगाहर्ट्झवर हॅम मंडळींचं बोलणं ऐकायला गेलं, की तेवढीच चूक ७ किलोहर्ट्झच्या वर जाते आणि अरुंद चॅनलमधला आवाज फाटतो. म्हणून गाणं लागल्यावर लगेच उठू नये; एखादी अचूक, अरुंद लहर शोधून पीपीएमचा आकडा बसवावा, मगच दुरुस्ती झाली म्हणावं.