पत्रा उतरवायचा शनिवार

सकाळी ६:४०
इंग्लंडमधलं कॉव्हेंट्री. घरामागच्या गल्लीत एका गाडीपुरतं गॅरेज. आत भाच्याची लाल माझदा एमएक्स-५, १९९१ची. सीटा, दारं, बॉनेट, डिकीचं झाकण, बंपर, रेडिएटर, पेट्रोलची टाकी, सगळं आधीच निघालंय. आज उरलेला पत्रा इंजिन-चाकांवरून उचलायचा. भाचा उभ्यानंच चहा पितोय. सोमवार ते शुक्रवार तो कॉम्प्युटरवर गाड्यांचे भाग तपासतो. पाना हातात येतो तो शनिवारीच.

गाडी त्यानं ८०० पौंडांना घेतली. दाराखालचे पट्टे गंजून भोकं पडलेली. मागच्या चाकांवरच्या कमानीही तशाच. वार्षिक तपासणीत नापास. वेल्डिंग करून घ्यायचं तर गाडीच्या किमतीपेक्षा जास्त खर्च. इंजिन मात्र ठणठणीत. अशा गाडीला इथं डोनर म्हणतात. तिचं इंजिन, गिअरबॉक्स, चाकं, ब्रेक, स्टिअरिंग, वायरिंग नव्या नळ्यांच्या सांगाड्यात जाणार. सांगाड्याचं नाव एक्सोसेट, डिझाइन स्टुअर्ट मिल्स यांचं. त्याला दारं नाहीत, छप्पर नाही, नळ्या बाहेरून दिसतात.

७:१५
वायरिंग. हे काम भाचेसुनेचं. तिच्याकडे कागदी टेप आणि मार्कर. प्रत्येक जोडाला दोन्ही बाजूंनी चिठ्ठी, मग फोटो, मग जोड सोडवायचा. चिठ्ठ्या मराठीत. ‘डावा दिवा’, ‘पंखा’, ‘कशाचा कोण जाणे’. शेवटच्या प्रकारच्या चिठ्ठ्या बऱ्याच आहेत. नट-बोल्ट फ्रीजरच्या पिशव्यांत जातात. स्वयंपाकघरातल्या पिशव्या संपल्यात, म्हणून मटार आता डब्यात.

९:००
नऊच्या आत ग्राइंडर लावायचा नाही. कायदा नाही, शेजारधर्म आहे. पुढची आणि मागची सबफ्रेम, म्हणजे सस्पेन्शन जिला धरून असतं ती चौकट, पत्र्याला बोल्टनं बांधलेली आहे. ते बोल्ट गुरुवारपासून तेलात भिजतायत. तेलाचा डबा ८ पौंड. भाचा पाठीवर झोपून गाडीखाली जातो. चार स्टँडवर गाडी, अंगावर छपराएवढा पत्रा.

“मामा, टॉर्च जरा खाली धरा. माझ्या डोळ्यात नको, बोल्टवर.”

“धरलीय की. १७चा देऊ का?”

“आधी १४चा. मग तो लांब दांडा द्या.”

१०, १२, १४, १७. आपल्याकडे मारुतीच्या गॅरेजात पोरगं याच मापांवर शिकतं. जपानी गाडीला चार पाने पुरतात, बाकीचा संच शोभेचा.

लांब दांड्यानं तीन बोल्ट कुरकुरत निघतात. चौथा हलत नाही. तेल, हातोडी, गॅसची फुंकणी, पुन्हा दांडा. पुढचा तास तोच बोल्ट. शेवटी ग्राइंडर. ठिणग्या पायाशी येतात, बादलीभर पाणी शेजारी ठेवलेलं. बोल्ट कापला जातो तेव्हा भाच्याच्या दोन बोटांची सालं गेलेली असतात. कापणीची चकती २ पौंडांची, तीन झिजल्या.

११:१५
इथं या गाडीचं एक गुपित सांगायला हवं. गिअरबॉक्सपासून मागच्या डिफरन्शियलपर्यंत, म्हणजे मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या पेटीपर्यंत, अॅल्युमिनियमची एक लांब पट्टी जाते. इंजिन पुढच्या सबफ्रेमवर, डिफरन्शियल मागच्या सबफ्रेमवर, आणि मधला जोड ही पट्टी. त्यामुळे वरचा पत्रा काढून घेतला तरी खालची यंत्रणा एकसंध राहते, चाकांवर ढकलताही येते. बहुतेक गाड्यांचा पत्रा काढला तर इंजिन एकीकडे आणि मागची चाकं दुसरीकडे. घरी गाडी बांधणारे एमएक्स-५च्या मागे का लागतात, याचं अर्धं उत्तर या पट्टीत आहे. उरलेलं अर्धं म्हणजे गंज. पत्रा जातो, इंजिन राहतं, गाडी स्वस्तात मिळते.

१२:१०
लेस्टरहून एक माणूस गाडीचं कडक छप्पर न्यायला येतो. ४५० पौंड, फोनवरून बँकेत. ब्लँकेटमध्ये गुंडाळून नेतो. डोनरच्या निम्म्याहून जास्त पैसे एका छपरात सुटले.

१:००
माणसं जमतात. भाच्याचे कामावरचे चौघं सहकारी, शेजारचे आजोबा आणि त्यांचा मुलगा. आजोबा निवृत्त फिटर. जॅग्वारच्या ब्राउन्स लेन कारखान्यात होते. तिथली जुळणी २००५ साली थांबली. ते उचलायला हात लावणार नाहीत, पाठ साथ देत नाही. पण उचलण्याआधी गाडीभोवती एक फेरी त्यांचीच.

गाडी गल्लीत ढकलून आणलीय. आजोबा बोट लावून एकेक विचारतात. ब्रेकच्या नळ्या? सुटल्या. क्लचची? सुटली. हँडब्रेकची केबल, हीटरचे पाइप, स्पीडोमीटरची केबल, स्टिअरिंगचा सांधा, शॉक अॅब्सॉर्बरचे वरचे नट? सुटले. मग ते इंजिनामागे हात घालतात आणि अर्थिंगची वेणीदार तार बाहेर ओढून दाखवतात. अजून लागलेली. तशीच उचलली असती तर एक कोपरा अडकला असता, बाकीचे कोपरे वर गेले असते आणि कुणाच्या तरी पायावर आलं असतं. भाचा गुपचूप १०चा पाना घेतो.

१:२५
सहा जण, तीन इकडे, तीन तिकडे. हातमोजे सगळ्यांना, कारण कापलेल्या पत्र्याची कड ब्लेडसारखी. आजोबा तीन मोजतात. पत्रा कण्हतो, एक रबर चिकटून बसतं, पुन्हा खाली. पहारीनं रबर सोडवतात. परत तीन. आता गुडघा, मांडी, कंबर. इंजिनाच्या डोक्यावरून जायला कंबरेच्या वर न्यावंच लागतं. “ओढा!” मी आणि भाचेसून मागच्या चाकांना धरून यंत्रणा मागे ओढतो. ती निमूट निघते. पत्रा शेजारच्या लाकडी घोड्यांवर टेकतो. मिनिटभराचं काम. त्याच्या तयारीला कित्येक शनिवार गेलेत.

२:००
तीन पिझ्झे, ३६ पौंड. मजुरी म्हणाल तर एवढीच. आजोबा सांगतात, जवळचं गॅरेज तासाला ७० पौंड लावतं. भाचा हिशेब करू लागतो आणि सोडून देतो.

पूर्वी हा उद्योग पैसे वाचवण्याचा होता. लोटस सेव्हन ही स्पोर्ट्स कार १९५७ साली आली. तयार गाडीवर खरेदी कर होता, सुट्या भागांवर नव्हता. म्हणून लोक पेट्या घरी आणून गाडी जोडत. १९७३ साली व्हॅट आला आणि ती पळवाट बुजली. पुढे १९९६ साली रॉन चॅम्पियन या शिक्षकानं २५० पौंडांत स्पोर्ट्स कार बांधण्याचं पुस्तक लिहिलं. त्यात डोनर होती जुनी फोर्ड एस्कॉर्ट. आज २५० पौंडांत टायरही धड येत नाहीत.

३:१५
तारेचा ब्रश, डिग्रीजर, खरवडणी. तीस वर्षांचं तेल आणि माती. सांगण्यासारखं काही नाही, पण सगळ्यात जास्त वेळ यातच जातो.

घासता घासता भाचा विचारतो, “मामा, आपल्याकडे हे जमेल का?” हाताचं म्हणाल तर जमतं. सांगली जिल्ह्यात देवराष्ट्रेच्या दत्तात्रय लोहारांनी भंगारातून साठेक हजारांत किक मारून सुरू होणारी छोटी जीप केली. उद्योगपती आनंद महिंद्रांनी ती घेऊन बदल्यात बोलेरो दिली. कागदाचं मात्र अवघड. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ गाडीत मनाजोगा बदल करू देत नाही. इथं इंग्लंडात घरी बांधलेल्या गाडीसाठी वेगळी तपासणी आहे. आयव्हीए तिचं नाव, फी ४५० पौंड. हात लागेल अशी प्रत्येक कड गोल हवी, त्रिज्या किमान अडीच मिलिमीटर. आवाजाला ९९ डेसिबलची मर्यादा. स्पीडोमीटरनं खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवायचा नाही. सोबत गाडी स्वतः बांधल्याची घोषणा आणि बांधणीचे फोटो. सकाळपासूनचे फोटो हौसेचे नाहीत.

५:१०
भंगारवाला ट्रक घेऊन येतो. पत्र्याचे ३५ पौंड. रोख नाही, २०१३च्या कायद्यानं इथं भंगाराचे पैसे रोखीनं देता येत नाहीत. तो भाच्याचं लायसन्स बघतो, नंबर लिहून घेतो, पैसे बँकेत टाकतो. पत्रा दोन पट्ट्यांनी बांधून जातो.

६:३०
वही. डोनर ८००. छप्पर ४५०, सीटा-दारं १४०, बॉनेट ६०, पत्रा ३५. एकूण परत आले ६८५. म्हणजे इंजिन ते मागची चाकं पडली ११५ पौंडांना. आजचा खर्च तेल ८, चकत्या ६, डिग्रीजर ५, पिझ्झे ३६. नव्या सांगाड्याचे काही हजार पौंड वेगळ्या पानावर आहेत, ते पान आज उघडलं नाही. तासांचा रकाना आहे, त्यात दर नाही.

इंग्लंडात कुणी हे करणार असाल तर एक सांगून ठेवतो. पत्रा भंगारात द्या, पण गाडीचं नोंदणीपत्र, व्ही-५-सी, स्वतःजवळ ठेवा. देतोय तो सुटा भाग, अख्खी गाडी नव्हे, हे भंगारवाल्याला आधीच स्पष्ट सांगा. त्यानं गाडी नष्ट झाल्याची नोंद केली, तर नव्या गाडीच्या नंबरासाठी दाखवायला डोनरच उरत नाही.