पास्काची ज्योत आणि पुनरुत्थानाची आशा

ईस्टर हा ख्रिस्ती धर्मातील सर्वांत मोठा सण. गोव्यात त्याला ‘पास्क’ असेही म्हणतात. २१ मार्च रोजी किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार हा ईस्टरचा दिवस. म्हणूनच त्याची तारीख २२ मार्च ते २५ एप्रिल या दरम्यान बदलत राहते.

सणाचा आरंभ मात्र शनिवारच्या रात्रीच होतो. गावोगावच्या चर्चमधील दिवे मालवले जातात. बाहेर प्रज्वलित केलेल्या नव्या अग्नीला धर्मगुरू आशीर्वाद देतात आणि त्यावर पास्काची मोठी मेणबत्ती पेटवतात. तिच्यावर क्रूस व चालू वर्षाचे आकडे कोरलेले असतात. काळोख्या चर्चमध्ये तिची एकच ज्योत प्रवेश करते आणि तिच्यावरून भाविकांच्या हातांतील मेणबत्त्या एकेक करून उजळतात. पवित्र गुरुवारपासून मौन धरलेल्या घंटा पुन्हा निनादू लागतात.

ही मेणबत्ती त्या एका रात्रीपुरती नसते. पेंटेकॉस्टच्या सणापर्यंत ती वेदीजवळ तेवते. पुढे वर्षभर बालकाच्या बाप्तिस्म्याच्या वेळी त्याची छोटी मेणबत्ती तिच्यावरूनच पेटवली जाते आणि अंत्यविधीच्या वेळी तीच शवपेटीजवळ उजळते. जन्माला आणि मृत्यूला साक्षी असलेली ही ज्योत एकच. ज्या घरातील माणूस वर्षभरात कायमचा निघून गेला, त्या घराला ईस्टरच्या रात्री तीच ज्योत सांगते, की कबर हा शेवट नव्हे. पुनरुत्थानाची आशा ती हीच.